प्रवासाला संरक्षण, मुक्कामाला नाही: अमेरिकेत विमानाने बंदूक नेण्याचा कायदा

३१ मार्च २००५ रोजी युटाह राज्यातला एक प्रवासी सॉल्ट लेक सिटीहून पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला निघाला. वाटेत मिनिआपोलिस आणि न्यू जर्सी राज्यातले नेवार्क अशा दोन ठिकाणी विमाने बदलायची होती. त्याच्या सामानात पिस्तूल होते. ते रिकामे होते, कुलूपबंद पेटीत होते, काडतुसे वेगळ्या पेटीत होती आणि निघताना त्याने विमान कंपनीला त्याची रीतसर कल्पना दिली होती. नेवार्कला पोहोचायला उशीर झाला आणि पुढचे विमान चुकले. कंपनीने त्याला ॲलनटाउनच्या बसमध्ये बसवले, पण त्याची बॅग बसमध्ये चढलेलीच नव्हती. ती शोधायला तो खाली उतरला आणि बस निघून गेली. बॅग सापडेपर्यंत रात्र झाली होती. ती घेऊन तो विमानतळावरच्या हॉटेलात झोपला, दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर आला आणि सामानात पिस्तूल असल्याचे त्याने आदल्या दिवशीइतक्याच प्रामाणिकपणे सांगितले. पोलिसांनी त्याला अटक केली. तो सुमारे दहा दिवस न्यू जर्सीच्या तुरुंगात होता. पुढे आरोप मागे घेण्यात आले, परंतु जप्त झालेल्या वस्तू परत मिळायला २००८ साल उजाडले. त्याने भरपाईसाठी लावलेला दावा २०१० मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयात हरला.

या माणसाने एकही लबाडी केली नव्हती, म्हणूनच हे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. डॅलसला राहणाऱ्या माझ्या मावसभावाला ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर नेमबाजीचा छंद लागला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या आपल्या बहिणीकडे जाताना पिस्तूल सोबत नेता येईल का, असे त्याने मला विचारले. त्याच्याजवळ टेक्सासचा परवाना होता आणि विमान कंपनीच्या संकेतस्थळावर बंदूक नेण्याचे नियमही स्पष्ट छापलेले होते. त्यामुळे उत्तर ‘हो’ असणार असे त्याने मनाशी धरले होते. उत्तर ‘नाही’ होते, आणि ते का, हे सांगायला मला जवळजवळ एक तास लागला.

बांद्याचा नाका डोळ्यांसमोर आणा

अमेरिकेत शस्त्रांचा कायदा एक नाही. सर्वांत वर संघराज्याचा, म्हणजे फेडरल, कायदा आहे. त्याखाली पन्नास राज्यांचे पन्नास कायदे आहेत आणि न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी शहराचेही स्वतःचे नियम आहेत. एकोणतीस राज्यांत प्रौढ माणसाला कोणत्याही परवान्याशिवाय पिस्तूल अंगावर बाळगता येते. याउलट न्यूयॉर्क शहरात पिस्तूल घरात ठेवायलाही परवाना लागतो, आणि न्यूयॉर्क राज्यातल्याच दुसऱ्या जिल्ह्याचा परवाना शहरात आपोआप चालत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला ही स्थिती गोव्याच्या दारूवरून चटकन कळेल. म्हापशाच्या दुकानातून पावती घेऊन घेतलेली बाटली पत्रादेवीपर्यंत पूर्ण कायदेशीर असते. तीच बाटली, त्याच पावतीसह, बांद्याच्या पुढे इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर आली की महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याखाली गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू शकते. बाटली बदललेली नसते आणि माणूसही बदललेला नसतो. फक्त त्याच्या पायाखालची जमीन बदललेली असते. अमेरिकेत टेक्सासहून न्यूयॉर्कला उतरणाऱ्या पिस्तुलाचे असेच होते. मोठा फरक एवढाच की तिथे प्रकरण दंडावर आणि मुद्देमालावर भागत नाही.

आता अशी कल्पना करू, की केंद्र सरकारने एक कायदा केला: जिथे बाटली कायदेशीर आहे अशा एका राज्यातून, जिथे ती कायदेशीर आहे अशा दुसऱ्या राज्यात कोणी ती डिकीत कुलूप लावून नेत असेल, तर मधल्या राज्याने त्याला अडवू नये. गाडी न थांबता निघून गेली तर काहीच प्रश्न नाही. पण प्रवाशाने सावंतवाडीला लॉजमध्ये मुक्काम केला आणि बाटल्या उचलून खोलीत नेल्या तर? तो अजून ‘वाटेत’ आहे, की आता महाराष्ट्रात बाटल्या बाळगून बसला आहे? नेवार्कच्या हॉटेलात त्या रात्री नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता.

१९८६ चा कायदा काय देतो

अमेरिकेत असा केंद्रीय कायदा खरोखरच आहे. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९ मे १९८६ रोजी स्वाक्षरी केलेल्या ‘फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट’मधून तो आला. बंदूकधारकांच्या बोलण्यात त्याचे नाव ‘फोपा’ असे आहे, म्हणून पुढे मीही तेच वापरतो. त्यातले वाटेच्या संरक्षणाचे कलम एका वाक्याचे आहे आणि त्या वाक्यात चार अटी आहेत. निघण्याच्या ठिकाणी ती बंदूक बाळगणे व नेणे तुमच्यासाठी कायदेशीर हवे. पोहोचण्याच्या ठिकाणीही ते कायदेशीर हवे. वाटेत बंदूक रिकामी हवी. आणि बंदूक किंवा काडतुसे यांपैकी काहीही प्रवाशाच्या सहज हाताशी असता कामा नये. या चारही अटी पाळल्या, तर मधल्या राज्याचा कायदा काहीही म्हणत असला तरी प्रवास निर्धोक मानला जातो.

माझ्या मावसभावाचा बेत दुसऱ्याच अटीवर कोसळला. क्वीन्स हे त्याचे मुक्कामाचे ठिकाण होते, आणि तिथे परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणे गुन्हा आहे. दोन्ही टोके कायदेशीर असतील तरच फोपाचा पूल उभा राहतो. एक टोक हवेत असेल तर मधला भाग कितीही भक्कम असून उपयोग नाही.

युटाहच्या प्रवाशाची दोन्ही टोके मात्र भक्कम होती. त्याचे प्रकरण चौथ्या अटीवर अडकले. न्यायालयाने म्हटले की बॅग हॉटेलच्या खोलीत त्याच्याजवळ असताना पिस्तूल आणि काडतुसे त्याच्या सहज हाताशी होती, म्हणून त्या रात्रीपुरते कलमाचे छत्र त्याच्या डोक्यावर नव्हते. न्यायाधीशांना त्याची अडचण कळत होती आणि निकालात ती सहानुभूती उतरलेलीही आहे. अशा अडकलेल्या प्रवाशाने सामान ताब्यात घेण्याआधीच विमानतळावरच्या पोलिसांकडे किंवा कर्मचाऱ्यांकडे जाऊन मदत मागावी, असा मार्गही त्यांनी सुचवला. रात्री उशिरा, बस निघून गेल्यावर, हरवलेली बॅग सापडल्याच्या आनंदात असलेल्या माणसाला हे सुचणे किती अवघड आहे, हे मी सांगायला नको. तरीही कायदा तोच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात हात घालायला नकार दिला.

काउंटरवर प्रत्यक्षात काय होते

विमानाच्या सुरक्षेचे नियम टीएसए ही केंद्रीय यंत्रणा ठरवते आणि ते सर्व राज्यांत सारखे आहेत. बंदूक फक्त चेक-इन सामानात जाते, केबिनमध्ये कधीच नाही. ती रिकामी असावी लागते आणि कडक कवचाच्या, कुलूपबंद पेटीत ठेवावी लागते. पेटीचा एखादा कोपरा बोटांनी उचकटून आत हात जात असेल, तर कुलूप लावलेले असूनही ती नाकारली जाते. किल्ली प्रवाशाकडेच राहते. काडतुसे त्यांच्यासाठी बनवलेल्या पुठ्ठ्याच्या, लाकडाच्या, प्लास्टिकच्या किंवा धातूच्या डब्यात हवीत. सुटी काडतुसे चालत नाहीत, आणि किती वजनाची न्यायची याची मर्यादा विमान कंपन्या स्वतः घालतात. अनेक कंपन्यांत ती पाच किलोच्या आसपास आहे.

प्रवाशाने काउंटरवर जाऊन, शांतपणे, “माझ्या चेक-इन सामानात रिकामी बंदूक आहे, ती मला डिक्लेअर करायची आहे” असे सांगायचे असते. वाक्य याच क्रमाने बोललेले बरे, कारण “माझ्याजवळ बंदूक आहे” हे पाच-सहा माणसांच्या रांगेत उच्चारले तर पुढचे ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही. मग कर्मचारी एक कार्ड पुढे करतो. बंदूक रिकामी असल्याचे त्यावर छापलेले असते. प्रवासी खाली सही करतो, तारीख घालतो, कार्ड सामानात ठेवले जाते आणि बॅग इतर बॅगांसारखीच पट्ट्यावर जाते. आत बंदूक आहे हे सांगणारी चिठ्ठी बॅगेच्या बाहेर लावायला विमान कंपनीला केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे, कारण अशी चिठ्ठी म्हणजे चोराला आमंत्रणच.

हे सगळे सुरळीत पार पडले, की प्रवाशाला वाटते आपल्याला परवानगी मिळाली. गैरसमजाचे मूळ इथे आहे. टीएसएने आणि विमान कंपनीने फक्त एवढेच पाहिले, की ही पेटी विमानाला धोकादायक नाही. ती पेटी जिथे उतरणार आहे तिथल्या राज्यात ती चालते का, हे त्यांनी तपासलेले नाही आणि तपासणे त्यांचे कामही नाही. एसटीच्या वाहकाने सामानाचे तिकीट फाडले म्हणून सामानातला माल कायदेशीर ठरत नाही, तसेच हे आहे.

आणि म्हणूनच पकडले जाण्याची वेळ बहुतेकदा परतीच्या प्रवासात येते. डॅलसच्या काउंटरवर कर्मचारी रोज अशी कार्डे भरून घेतो. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला उतरताना बॅग पट्ट्यावरून उचलून प्रवासी निघून जातो आणि त्याला कोणी काही विचारत नाही. चार दिवसांनी तो तीच बॅग घेऊन लाग्वार्डियाच्या काउंटरवर तेच वाक्य बोलतो, तेव्हा कर्मचारी पोर्ट ऑथॉरिटीच्या, म्हणजे विमानतळ चालवणाऱ्या संस्थेच्या, पोलिसांना बोलावतो. टेक्सासमध्ये जे वाक्य नियमपालन होते, ते इथे गुन्ह्याची कबुली ठरते.

‘भरलेली’ या एका शब्दाचे तीन अर्थ

या विषयातला सर्वांत घातक शब्द ‘लोडेड’, म्हणजे भरलेली बंदूक, हा आहे. आपल्या रोजच्या समजुतीप्रमाणे, नळीत काडतूस असेल किंवा बंदुकीत बसवलेल्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या कप्प्यात, काडतूस असेल, तर ती भरलेली. चेक-इन सामानासाठी टीएसएची व्याख्याही हीच आहे.

सुरक्षा तपासणीच्या रांगेत मात्र टीएसए दंड ठरवताना एक पायरी पुढे जाते. हँडबॅगेत एका खणात रिकामे पिस्तूल आणि दुसऱ्या खणात काडतुसे सापडली, तर दोन्ही प्रवाशाच्या हाताशी असल्याने ते पिस्तूल भरलेलेच धरले जाते.

न्यूयॉर्कचा दंडविधान कायदा त्याहूनही पुढे गेलेला आहे. बंदूक आणि तिच्यात चालणारी काडतुसे एकाच माणसाच्या ताब्यात एकाच वेळी असतील, तर ती बंदूक भरलेली, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे टीएसएच्या नियमांप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत, कुलूप लावून, अगदी काटेकोरपणे बांधलेले पिस्तूल आणि काडतुसे न्यूयॉर्कच्या भूमीवर ‘भरलेले पिस्तूल’ होतात. घराबाहेर भरलेले पिस्तूल विनापरवाना बाळगणे हा तिथे किमान साडेतीन आणि कमाल पंधरा वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे.

२०११ च्या डिसेंबरात कमी कर आणि छोटे सरकार मागणाऱ्या टी पार्टी चळवळीतले एक प्रमुख नेते मार्क मेक्लर यांच्याबाबतीत हेच घडले. त्यांच्याजवळ कॅलिफोर्नियाचा परवाना होता, पिस्तूल कुलूपबंद पेटीत होते आणि त्यांनी लाग्वार्डियाच्या काउंटरवर ते स्वतःहून दाखवले. अटकेनंतर त्यांच्यावर हेच गंभीर कलम लागले. पुढे किरकोळ गैरवर्तनाच्या कबुलीवर आणि २५० डॉलर दंडावर प्रकरण मिटले, पण पिस्तूल गेले ते गेलेच. असा शेवट होतो तेव्हा लोक म्हणतात, “काही झाले नाही ना अखेर.” वकिलाचा खर्च, कोठडीतली रात्र आणि महिनोन्महिने डोक्यावर लटकणारे साडेतीन वर्षांचे किमान कलम यांना ‘काही नाही’ म्हणणे मला मान्य नाही.

“राज्यघटनेने हक्क दिला आहे, मग राज्ये अडवतात कशी?”

१७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगते. तो व्यक्तीचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले. २०१० मध्ये तो राज्यांनाही बंधनकारक केला. आणि जून २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्याच प्रकरणात, परवान्यासाठी ‘विशेष कारण’ दाखवण्याची त्या राज्याची अट रद्द केली. पण २००८ च्याच निकालात न्यायालयाने हा हक्क अमर्याद नाही असे स्पष्ट लिहिले होते, आणि २०२२ च्या निकालानेही परवाना पद्धत मोडीत काढलेली नाही. राज्याला परवाना मागता येतो. तो नाकारण्याची मोकळीक तेवढी कमी झाली आहे. अटक झालेल्या प्रवाशाला घटनेचा मुद्दा न्यायालयात मांडता येतो, काउंटरवर नाही.

“माझ्याजवळ परवाना आहे ना?”

वाहन चालवण्याचा परवाना एका राज्यात काढला की सगळीकडे चालतो, म्हणून पिस्तुलाचाही चालत असेल, असे फार लोकांना वाटते. तो तसा चालत नाही. राज्ये आपसात करार करून किंवा एकतर्फी एकमेकांचे परवाने मानतात, आणि न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स ही राज्ये इतर कोणाचाच मानत नाहीत.

२०१३ मध्ये फिलाडेल्फियातली दोन मुलांची आई असलेली एक तरुणी पुलापलीकडच्या न्यू जर्सीत गाडीने गेली. वाहतूक पोलिसाने थांबवल्यावर तिने स्वतःहून सांगितले की माझ्याजवळ पिस्तूल आहे आणि पेनसिल्व्हेनियाचा परवाना आहे. न्यू जर्सीच्या कायद्यात अशा गुन्ह्याला बेचाळीस महिने पॅरोलविना कैद ही किमान शिक्षा आहे, आणि ती तिच्यासमोर उभी राहिली. देशभर चर्चा झाली, राज्याच्या महाधिवक्त्याने सरकारी वकिलांना २०१४ मध्ये नव्या सूचना दिल्या आणि २०१५ मध्ये राज्यपाल ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. हे रस्त्यावरचे प्रकरण आहे, विमानतळावरचे नाही. पण परवाना दाखवल्याने संकट टळेल हा विश्वास किती खोलवर रुजलेला असतो, ते यातून कळते.

एका राज्याचा परवाना सर्व राज्यांनी मानावा अशा विधेयकाला प्रतिनिधीगृहाने डिसेंबर २०१७ मध्ये २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजुरी दिली होती, पण सिनेटमध्ये ते पुढे गेले नाही. २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले गेले, आणि म्हणून हा विषय सध्या पुन्हा बोलला जातो. विधेयक मांडले गेल्याची बातमी वाचून तो कायदा झाला असे समजणारे लोक मला भेटले आहेत. तो समज महागात पडेल.

“केंद्राचा कायदा वरचढ असताना राज्याचे पोलीस अटक करतातच कसे?”

हा सर्वांत रास्त आक्षेप आहे, आणि त्याचे उत्तर समाधानकारक नाही. फोपा वरचढ आहेच. पण तो व्यवहारात ढालीसारखा चालतो: आरोप ठेवला गेल्यावर न्यायालयात पुढे करायची ढाल. चुकीने अटक केली म्हणून पोलिसांवर भरपाईचा दावा लावायला तो तलवार म्हणून वापरता येत नाही, असे न्यूयॉर्कचा समावेश असलेल्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियासाठीच्या अपील न्यायालयाने २०१३ मध्ये आणखी एक पाऊल टाकले: कलमाची भाषा वाहनातल्या वाहतुकीविषयी आहे, विमानतळाच्या इमारतीत बॅग हातात घेऊन चालणाऱ्याविषयी नाही, म्हणून त्या चालण्याला कलमाचे संरक्षण नाही. याउलट केंद्रीय न्याय विभागाने २००५ मध्ये एका पत्रात हे कलम विमानप्रवासालाही लागू होते असे म्हटले होते. दोन्ही मते कागदावर आहेत. नेवार्कच्या काउंटरवर मात्र न्यायालयाचे मत जड ठरते.

मला स्वतःला २०१३ चा निकाल कलमाच्या हेतूशी जुळणारा वाटत नाही. गाडीच्या डिकीपर्यंत पेटी हातातच न्यावी लागते, तशी ती काउंटरपर्यंतही हातातच न्यावी लागणार. परंतु इथे माझे मत उपयोगाचे नाही. प्रवाशाने निकाल जसा आहे तसा धरून बेत आखायला हवा.

मग विमान बदलताना नेमका धोका कुठे?

आकाशातून जाताना खालच्या राज्याच्या कायद्याची काळजी करण्याचे कारण नाही. पेटी विमानाच्या पोटात असते, तिथे प्रवाशाचा हात पोहोचत नाही. विमान बदलताना बॅग कंपनीच्या माणसांकडूनच पुढच्या विमानात जात असेल, तरीही फारसा धोका नाही. बॅग प्रवाशाच्या हाती येते त्या क्षणी धोका सुरू होतो. दोन वेगळ्या तिकिटांवर प्रवास असेल, तर मधल्या विमानतळावर बॅग उचलून पुन्हा जमा करावी लागते. विमान चुकले, रद्द झाले किंवा वादळामुळे भलत्याच शहरात उतरले, तर कंपनी सौजन्याने बॅग परत देते आणि हॉटेलचे कुपन देते. एरवी आपण त्यासाठी आभार मानू. इथे ती बॅग घ्यायची नसते. कंपनीने ती रात्रभर आपल्याच ताब्यात ठेवावी असे सांगावे, ते जमणार नसेल तर बॅगेला हात लावण्याआधी विमानतळ पोलिसांना सगळी परिस्थिती सांगावी आणि तिकिटाची प्रत जवळ ठेवावी. यातले काहीही हमी देत नाही, पण युटाहच्या प्रवाशाच्या निकालात न्यायालयाने दाखवलेला रस्ता हाच आहे.

त्याहून शहाणपणाचे म्हणजे थेट विमान घेणे. ते नसेल तर नेवार्क, लाग्वार्डिया, केनेडी हे विमानतळ टाळून, जिथे अडकलो तरी चालेल अशा राज्यातून तिकीट काढावे. तिकीट शंभर डॉलरांनी महाग पडले तरी ते द्यावे. पोहोचण्याच्या राज्यात पिस्तूल चालते एवढे पाहूनही भागत नाही. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात दहापेक्षा जास्त काडतुसांचे मॅगझिन चालत नाही, कोलोरॅडोत मर्यादा पंधराची आहे, आणि टेक्सासच्या दुकानात पिस्तुलासोबत मिळणारे नेहमीचे मॅगझिन पुष्कळदा सतरा काडतुसांचे असते.

हँडबॅगेत विसरलेले पिस्तूल

याविषयी थोडक्यात. २०२४ मध्ये टीएसएने तपासणीच्या रांगांत ६,६७८ बंदुका पकडल्या. त्यांपैकी सुमारे ९४ टक्के भरलेल्या होत्या, आणि एकट्या अटलांटाच्या विमानतळावर ४४० सापडल्या. बहुतेकांचे उत्तर एकच असते, की बॅगेत आहे हे विसरलो. टीएसएचा दंड पंधरा हजार डॉलरांच्या वरही जाऊ शकतो. अटक होणार की नाही, हे मात्र पुन्हा राज्यावर अवलंबून आहे, कारण टीएसए स्वतः अटक करत नाही, स्थानिक पोलिसांना बोलावते.

आपल्या लोकांनी विशेष लक्ष द्यावे असे

एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत असलेल्या माणसाला केंद्रीय कायद्यानेच बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद आहेत. हा गुन्हा कमाल पंधरा वर्षांच्या कैदेचा आहे, आणि राज्य कितीही सैल असले तरी त्यात सूट नाही. “टेक्सासमध्ये सगळ्यांकडे असते” हे मित्राचे वाक्य नागरिकांपुरते आणि ग्रीन कार्डधारकांपुरतेच खरे आहे.

ग्रीन कार्डधारकाला बंदूक घेता येते, पण त्याच्यावर एक वेगळे ओझे आहे. परदेशी माणसाला शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरवले गेले, तर तेवढ्यावर त्याला देशाबाहेर काढता येते, आणि कायद्याच्या दृष्टीने ग्रीन कार्डधारकही परदेशीच असतो. अमेरिकी नागरिकाचा वकील जी तडजोड आनंदाने स्वीकारील, ती ग्रीन कार्डधारकाचे पंधरा वर्षांत बसवलेले घर मोडू शकते. म्हणून अशी वेळ आलीच, तर कोणत्याही कबुलीवर सही करण्याआधी इमिग्रेशनचा वकील गाठावा. मावसभावाला मी एक तास समजावत होतो तो मुख्यतः यासाठी.

भारतात येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, वापरलेली बॅग नंतर प्रवासाला घेतली जाते आणि तिच्या अस्तरात एखादे जिवंत काडतूस राहून जाते. मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर ते क्ष-किरण यंत्रात दिसले, की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. आपल्या न्यायालयांनी या कायद्यात ‘जाणीवपूर्वक ताबा’ ही कसोटी लावली आहे: वस्तू आपल्याजवळ आहे हे माणसाला माहीत असायला हवे. त्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने एखाद-दुसऱ्या काडतुसाची अनेक प्रकरणे रद्द केलेली आहेत. पण उच्च न्यायालयापर्यंत जायचे म्हणजे वकील, तारखा आणि बुडालेले परतीचे विमान, हे सगळे आलेच.

मावसभाऊ क्वीन्सला पिस्तूल न घेता गेला. पिस्तूल तो आता स्पर्धेसाठी ॲरिझोनाला नेतो, डॅलसहून फीनिक्सच्या थेट विमानाने. गेल्या डिसेंबरात पुण्याला येण्याआधी त्याने आपली जुनी सॅक जमिनीवर चादर पसरून उलटी केली, सगळे कप्पे बाहेर ओढले, शिवणींवरून बोट फिरवले. पाण्याच्या बाटलीच्या खणात, तळाशी, नऊ मिलिमीटरचे एक पितळी काडतूस होते. ती सॅक त्याने त्याआधी दोनदा विमानात नेली होती.